‘घरीच असते’ त्या बाईला शब्द कोणता?

परभणीहून प्रश्न
श्रमशक्तीबाहेरच्या, म्हणजे ज्या ना काम करणाऱ्यांत धरल्या जातात ना बेरोजगारांत, अशा वयस्क स्त्रियांवर मराठीत लेख लिहिते आहे. ‘आर्थिकदृष्ट्या निष्क्रिय’ हा रूढ शब्द माझ्या हातून उतरत नाही. माझी आई जिंतूर तालुक्यात असते, वय 67. पहाटे उठून म्हशीचं करते, नातवंडांना खाऊ घालून शाळेत धाडते, सोयाबीन निघालं की रानात सरवा वेचते. फोनवर “काय करू लालीस?” विचारलं की उत्तर ठरलेलं, “काय नाही, बसलेव.” हिला निष्क्रिय कसं लिहू?

लातूरहून
‘बेरोजगार’ तर नकोच. काम शोधतो किंवा मिळालं तर करायला तयार आहे, पण काम नाही, तो बेरोजगार, आणि तो श्रमशक्तीत धरला जातो. दुष्काळात रोजानं जाणारी म्हातारी काम नाही म्हणून विचारणंच सोडते, ‘आता नाही जात’ म्हणते. मग ती बेरोजगारांतही राहत नाही, आणि बेरोजगारीचा दर उलट कमी दिसतो. मी ‘श्रमबाह्य’ सुचवतो.

नांदेडहून
दादा, ‘श्रमबाह्य’ म्हणजे श्रमच नाहीत असं झालं. मूळ वर्गीकरण बघा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात 92 हा संकेतांक ‘फक्त घरकाम’साठी. घरकामासोबत सरपण, रानभाजी, वैरण फुकट गोळा करणं किंवा घरापुरतं शिवणं असेल तर 93. दोन्ही श्रमशक्तीबाहेर. पण म्हैस पाळून दूध काढणं, ते घरच्यापुरतं असलं तरी, आपल्याकडं आर्थिक काम धरलं जातं. म्हणजे ताईंची आई “बसलेव” म्हणाली तर 92मध्ये जाईल. “म्हशीचं करते” म्हणाली आणि वर्षात तसे 30 दिवस भरले, तर काम करणाऱ्यांत येईल. बाई तीच, म्हैसही तीच.

म्हणून श्रमशक्तीतल्या सहभागाचा दर मी जपून वाचते. 15 वर्षांवरच्या ग्रामीण स्त्रियांचा देशातला सहभाग 2017-18मध्ये 24.6 टक्के होता, 2023-24मध्ये 47.6 टक्के झाला. त्या वाढीत घरच्या शेतात, जनावरांत बिनपगारी राबणाऱ्यांचा वाटा मोठा आहे.

बीडहून
आमच्याकडचा शब्द सांगतो: कोयता. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती ह्याच हिशेबानं. एकटा गडी गेला तर अर्धा कोयता. दिवाळीच्या आसपास गाड्या निघतात आणि लेकरं गावात ठेवायची तर मागं म्हातारी लागते. आमच्या वस्तीवर एका घरची सासू अंथरुणाला खिळली, त्या वर्षी सून घरी राहिली आणि त्या घराचा अर्धाच कोयता गेला. सून श्रमशक्तीत दिसते ती सासू ‘बाहेर’ आहे म्हणून. हे एकाच खात्याचे दोन रकाने आहेत, पण लिहिताना सासूचा रकाना आपण कोरा ठेवतो. आणि तीच सासू सत्तरीत खुरपायला रोजानं जायला लागली तर आकडा वाढेल. ती वाढ चांगली म्हणायची का? मला तरी तसं वाटत नाही.

आणखी एक. रानाची राखण करणारा पुरुष ‘राखणदार’, त्याला पगार. घर राखणाऱ्या म्हातारीला असं नाव नाही.

परभणीहून
तुमच्या शेवटच्या ओळीनं मला आईचं वाक्य पुन्हा ऐकू आलं. आपण म्हशीचं करतो, पोरांचं करतो, दुखणाईताचं करतो. काय करतो, ते नाम वाक्यात येतच नाही. आणि ‘काही करत नाही’ म्हणतानाही क्रियापद तेच! 2019च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात गेली, पुरुषांची 97. एवढ्या मिनिटांना आपल्याकडं एक नाम नसावं?

नांदेडहून
आहे की, ताई. ‘उस्तवार’, म्हणजे निगा राखणं. जनावराची उस्तवार, रानाची उस्तवार, आजाऱ्याची उस्तवार. माझी आजी सर्रास वापरायची.

परभणीहून
विसरलेच होते मी! तक्त्यात ‘श्रमशक्तीबाहेर’च ठेवते, तिथं व्याख्या पाळायला हवी. ‘निष्क्रिय’ मात्र कुठंच लिहिणार नाही, मजकुरात ‘उस्तवार’ येईल. आत्ताच आईला फोन करून वेगळं विचारलं, “आज कुणाकुणाचं केलीस?”

“म्हशीचं झालं, पोराईचं झालं,” ती म्हणाली. “तुझ्या बापाचं राहिलंय, ठेव फोन.”