अनुभव धागा: नववा महिना ते पहिला वाढदिवस

नववा महिना सरला की भेटेल तो एकच विचारतो, "चालायला लागलं का?" चालणं सगळ्यांना दिसतं, म्हणून त्याची चौकशी होते. याच तीन-चार महिन्यांत बाळ चिमटीत वाटाणा उचलतं, हातातली वस्तू मुद्दाम सोडतं, बोट दाखवून मागतं, आई दिसेनाशी झाली की हंबरडा फोडतं. त्याबद्दल कोणी विचारत नाही. रोज बाळांबरोबर काम करणाऱ्यांनी इथे लिहावं: काय बघायचं, कसं करायचं, कशाने बिघडतं. आपापल्या बाळांच्या तारखा मात्र नकोत. तारखांची तुलना सुरू झाली की कामाचं बोलणं राहून जातं.

बालकांची फिजिओथेरपिस्ट, पुणे

तारखांचा विषय आधी मिटवते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या बाळांची पाहणी करून २००६ साली हालचालींचे कालावधी जाहीर केले. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, धरून उभं राहणं ४.८ ते ११.४, हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५, धरून चालणं ५.९ ते १३.७, आधाराशिवाय उभं राहणं ६.९ ते १६.९ आणि स्वतंत्र चालणं ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे वाढदिवसाला न चालणारं बाळ अगदी व्यवस्थित असू शकतं. त्याच पाहणीत सुमारे ४.३ टक्के बाळं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. काही बाळं बुडावर सरकत फिरतात आणि ती सहसा उशिरा चालतात. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर दोन वर्षांपर्यंत वय मूळ अपेक्षित तारखेपासून धरा.

मी तारखेपेक्षा हालचाल कशी होते ते बघते. दिवाणाला धरून उठताना बाळ आधी दोन्ही गुडघ्यांवर येतं, मग एक पाऊल पुढे टेकवतं आणि त्या पायावर जोर देऊन वर येतं. हा एक गुडघा टेकलेला टप्पा दोन्ही पायांनी आलटून पालटून दिसायला हवा. दर वेळी एकच पाय पुढे येत असेल, एकच हात वापरला जात असेल किंवा एक मूठ सतत मिटलेली असेल तर दाखवून घ्या. वर्षाच्या आत "आमचं डावखुरं आहे" म्हणून सोडून देऊ नये. या वयात हाताची पसंती ठरलेली नसते, त्यामुळे दुसरी बाजू कमकुवत आहे का हे तपासावं लागतं.

उठता येतं पण खाली बसता येत नाही, असा एक मधला काळ येतो. बाळ धरून उभं राहतं, दमतं आणि रडतं. लगेच उचलून घेतलं की खाली यायचं शिकणं लांबतं. खेळणं त्याच्या पायाशी, थोडं बाजूला ठेवा, कमरेला दोन्ही बाजूंनी हात लावा आणि एक गुडघा वाकू द्या. दिवसातून चार-पाच वेळा पुरतं.

धरून चालण्यासाठी दीड फुटाच्या आसपास उंचीची, हलणार नाही अशी जागा लागते. दिवाण उत्तम, प्लास्टिकची खुर्ची नको, ती बाळासकट उलटते. दिवाण आणि दुसरं स्टूल यांत आधी वीतभर फट ठेवा, मग हळूहळू वाढवा. बाळ एका हाताने दिवाण सोडून दुसऱ्याने स्टूल पकडतं, तेव्हाच क्षणभर विनाआधार उभं राहतं. पहिलं पाऊल बहुधा अशा फटीतच पडतं.

घरात अनवाणीच ठेवा. फरशीवर मोजे घातले की पाय सटकतो आणि बाळ बोटं आवळून उभं राहतं. बाहेरच्या बुटाचा तळ हाताने सहज वाकला पाहिजे आणि अंगठ्यापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा हवी. सपाट तळवे आणि किंचित बाकदार पाय या वयात नेहमीचे. अधूनमधून चवड्यांवर उभं राहणंही चालतं, पण टाच टेकतच नसेल आणि पाय ताठ लागत असतील तर नाही.

आणि चाकांचा वॉकर नको. त्यात बाळ बसकण मारून चवड्यांनी ढकलतं, तोल सांभाळायचं काम त्याच्याकडे राहतच नाही. शिवाय क्षणात जिन्यापर्यंत किंवा गॅसच्या ओट्यापर्यंत पोहोचतं. कॅनडाने २००४ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

लाकडी खेळणी बनवणारा, सावंतवाडी

वॉकर नको म्हटलं की लोक पांगुळगाडा मागतात. हे बरं आहे, कारण यात बाळ स्वतःच्या पायांवर उभं असतं. पण बनावट बघून घ्या.

धरायचा दांडा बाळाच्या छातीच्या किंचित खाली यावा, साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर. दांडा मागच्या चाकांच्या आसापेक्षा चार बोटं पुढे असावा. तो आसाच्या मागे आला तर बाळ दांड्याला धरून उठताना गाडा त्याच्याच अंगावर उलटतो. मागच्या दोन चाकांत रुंद अंतर हवं, म्हणजे पावलं मधोमध पडतात आणि चाकात अडकत नाहीत. कडा गोल घासलेल्या, स्क्रूची डोकी लाकडात बुडवलेली आणि रंग शिसेविरहित असावा. बाळ दांडा चघळणारच.

खरी तक्रार येते गुळगुळीत टाइल्सची. पूर्वी गाडा सारवलेल्या अंगणात चालायचा, जमीनच त्याला धरून ठेवायची. टाइल्सवर तो पुढे पळतो, पावलं मागे राहतात आणि बाळ तोंडावर आपटतं. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून तिन्ही चाकांवर घट्ट चिकटवा आणि आसाचा नट अर्धा फेरा आवळा. तरी पळत असेल तर खालच्या आडव्या पट्टीवर एक-दोन किलो तांदळाची पिशवी बांधा. पहिले काही दिवस सतरंजीवरच चालवा. आणि बाळ आपणहून उभं राहून दिवाणाला धरून चालायला लागल्याशिवाय गाडा काढूच नका.

पाळणाघर चालवणारी, ठाणे

हातांबद्दल लिहिते. नऊ महिन्यांच्या आसपास बाळ बारीक वस्तू अंगठा आणि तर्जनीच्या कडेने ओढून घेतं. वर्षापर्यंत दोन बोटांची टोकं जुळून नीट चिमट होते. सरावाला मऊ शिजवून बोटाने चपटा केलेला वाटाणा किंवा इडलीचा नखाएवढा तुकडा द्या. ताटलीत एका वेळी दोन-तीनच. ढीग दिला की बाळ मूठ भरतं आणि चिमट वापरतच नाही.

उचलण्यापेक्षा सोडणं अवघड असतं. बाळाला पकड ढिली करता येते, पण हवी तिथे करता येत नाही. स्टीलचा रुंद डबा आणि लाकडी चमचा द्या. चमचा आत पडला की ठण्णकन वाजतो आणि ते बाळाला पुन्हा करावंसं वाटतं. डब्याचं तोंड नंतर लहान करत जायचं. उंच खुर्चीतून वाटी खाली टाकणं हेही तेच. पडल्यावर ती कुठे गेली हे वाकून बघतं, म्हणजे दिसेनाशी झालेली वस्तू असतेच हे त्याला कळू लागलंय.

आणि म्हणूनच या वयात आई निघाली की रडणं वाढतं. आई आहे, पण इथे नाही, एवढं कळतं. ती कधी येणार ते कळत नाही. बाळाचं लक्ष नसताना गुपचूप निघून जाणं सर्वांत वाईट. त्याने बाळ दिवसभर दाराकडे बघत राहतं. रोज एकच छोटा निरोप ठेवा: एक पापा, टाटा, "जेवण झालं की येते" आणि लगेच निघा. दारात रेंगाळलं की रडणं लांबतं. पाळणाघर नव्याने लावताना पहिले दोन दिवस आईसोबत तासभर, मग आईशिवाय अर्धा तास, मग एका जेवणापर्यंत, असं आठवडाभर वाढवत न्या. घरचं दुपटं न धुता पाठवा, त्याला घरचा वास असतो. घरी रोज बुवा-कुक खेळा, आधी तोंडावर पदर घेऊन, मग दाराआड जाऊन. गेलेलं परत येतं, हा सराव त्यातून होतो.

वाचा आणि श्रवणतज्ज्ञ, नागपूर

पहिला शब्द वर्षाच्या आगेमागे येतो. मी मात्र त्याआधीच्या तीन गोष्टी विचारते.

पहिली, बडबड. दहा महिन्यांपर्यंत "बाबाबा", "मामामा", "दादादा" अशी व्यंजनांची माळ यायला हवी. नुसते "आ", "ऊ" असतील तर श्रवणचाचणी करा. जन्मानंतरची चाचणी उत्तीर्ण असली तरी करा, ऐकणं नंतरही कमी होऊ शकतं आणि सर्दीनंतर कानात पाणी साठू शकतं. ताट वाजवून घरी तपासू नका. बाळ हातवारा बघून वळतं, मोठा आवाज तर कमी ऐकणाऱ्या बाळालाही जाणवतो. बारीक आवाज न ऐकणारं बाळ त्यातून निसटतं.

दुसरी, नाव घेतल्यावर बघणं. बाळ खेळण्यात असताना, मागून, नेहमीच्या आवाजात, एकदाच हाक मारा. घरात पाच टोपणनावं असतील तर आधी एक ठरवा.

तिसरी, बोट. पंखा, चंद्र, भू-भू दाखवल्यावर बाळ तुमच्या बोटाकडे न बघता बोटाच्या दिशेने बघतं का? वर्षाच्या सुमारास स्वतः दाखवायला लागतं का? हवं म्हणून दाखवणं आधी येतं. "ते बघ" म्हणून दाखवून परत तुमच्या तोंडाकडे बघणं त्याहून मोलाचं. बोट दाखवलं की वस्तूचं नाव घ्या आणि थांबा. पाच सेकंद गप्प राहणं मोठ्यांना जड जातं, पण बाळाची पाळी त्याच जागेत येते.

"भू" हा शब्द धरायचा का? प्रत्येक कुत्र्याला ठरून "भू" म्हणत असेल तर धरायचा. घरात मराठी आणि बाहेर हिंदी किंवा इंग्रजी असल्याने बोलणं अडत नाही. परदेशातल्या घरांनाही हेच सांगते, मराठी बंद करू नका. दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजा. मोबाइल मात्र दोन वर्षांपर्यंत नको, आजी-आजोबांचा व्हिडिओ कॉल तेवढा चालेल.

येत असलेली बडबड, टाटा करणं किंवा नजर मिळवणं बंद झालं तर वय कितीही असो, वाट न बघता डॉक्टर गाठा.

अंगणवाडी सेविका, नाशिक जिल्हा

वजनाबद्दल आयांची तक्रार ठरलेली: "दहाव्या महिन्यापासून वाढतच नाही." वेग खरंच कमी होतो, शेवटच्या तिमाहीत महिन्याला साधारण पाव किलो. वर्षाला जन्माच्या सुमारे तिप्पट वजन होतं. शेजारच्या बाळाशी तुलना न करता माता व बाल संरक्षण कार्डावरची रेघ बघा. ती वर चढत असेल तर ठीक. आडवी झाली किंवा खाली वळली तर सांगा.

९ ते ११ महिन्यांत अंगावरच्या दुधाबरोबर २५० मिलिच्या वाटीने अर्धी वाटी, तीन-चार वेळा, आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी खाऊ. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. नेहमी चुकतं ते पातळपणात. वरणाचं पाणी पोट भरतं, ताकद देत नाही. चमचा तिरका केल्यावर घास ओघळू नये इतकं घट्ट ठेवा, वर अर्धा चमचा तूप. नऊ महिन्यांनंतर मिक्सर बंद करून हाताने कुस्करा. गाठीची सवय या वयात लागली नाही तर पुढे बाळ चावत नाही. वर्षाच्या आत वेगळं मीठ-साखर नको. मध अजिबात नको, घुटीतही नाही. त्यातून बाळाला जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते.

नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस, न्यूमोकोकलचा बूस्टर, पोलिओच्या सुईचा तिसरा डोस आणि अ जीवनसत्त्वाचा एक लाख युनिटचा डोस असतो. लोहाचं सिरप सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा, एक मिलि. शी काळपट होते, घाबरू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. हालचालीची किंवा ऐकण्याची शंका असेल तर त्या दिवशी बाळाला आवर्जून आणा, तिथून जिल्ह्याच्या केंद्रात पाठवता येतं.

बालरुग्ण विभागातील परिचारिका, मुंबई

चिमट आली की धोका वाढतो, म्हणून हे जोडते. ३.२ सेंटिमीटरहून अरुंद कोणतीही वस्तू बाळाच्या घशात अडकू शकते. वाळ्यांचे घुंगरू आणि मनगट्यांचे मणी रोज ओढून बघा. रिमोटमधल्या गोल चपट्या बॅटरीचं झाकण चिकटपट्टीने बंद करा. ती गिळली तर अन्ननलिका काही तासांत भाजते, तेव्हा उलटी न काढता थेट रुग्णालयात न्या.

बोरन्हाण करताना बोरं, हरभरे, उसाचे करवे आणि हलवा बाळाच्या डोक्यावरून ओतू नका. मोठी मुलं वेचायला धावतात तेव्हा बाळही एक उचलून तोंडात घालतं. त्याच्यावर चुरमुरेच थोडे उडवा, बाकीचं पाटापासून दूर, आणि मांडीवर घेणाऱ्या व्यक्तीने त्याचे हात आणि तोंड यांवरच लक्ष ठेवावं. शेंगदाणा, फुटाणे, अख्खी द्राक्षं घरात एरवीही त्याच्या हाती लागू देऊ नका.

घास अडकला आणि बाळ जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज बंद झाला, श्वास येईना, ओठ निळे पडू लागले तर बाळाला हाताच्या पुढच्या भागावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा तळव्यात. दोन खवाट्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा द्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर पाच वेळा दाब द्या. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करा. तोंडात दिसत नसताना बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. दुसऱ्या कोणाला तरी लगेच १०८ लावायला सांगा. बाळ निपचित पडलं तर घट्ट, सपाट जागेवर ठेवून छातीदाब सुरू करा, १०८ वरून सांगतील तसं करत राहा.