सिलिकॉन कार्बाइड घातल्याने झीज खरंच कमी होते का?

धागाकर्ता
अ‍ॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण घातले की झीज कमी होते, हे विधान मला आता जसंच्या तसं मान्य नाही. प्रकल्प अहवालांतली रीत ठरलेली असते: अशा कण घातलेल्या धातूची, म्हणजे कॉम्पोझिटची पिन, तिच्याखाली फिरणारी ईएन 31 या बेअरिंगच्या पोलादाची कडक केलेली डिस्क आणि चाचणीच्या आधी-नंतर पिनचं वजन. डिस्क बहुधा कोणी तोलतच नाही. कठिणतेच्या विकर्स मापात कण साधारण 2500, डिस्क 700-800. म्हणजे पोलाद खरवडलं जाणारच. ते खरवडलेलं लोखंड पुन्हा पिनवर चिकटतं आणि आपण तेही पिनच्या वजनात धरतो! झीज जोडीची मोजा, एकट्या पिनची नको.

ब्रेकचं काम करणारा
डिस्क तोलायला हवी, हे मान्य. पण तो लोखंडी थर तुम्ही चूक म्हणून मांडताय, ते पटत नाही. पिनला तोच तर वाचवतो. तो टिकतो तोवर धातूला धातू थेट भिडत नाही. 1996 च्या लोटस एलिस या स्पोर्ट्स कारला सुरुवातीला अशाच अ‍ॅल्युमिनियम कॉम्पोझिटच्या ब्रेक डिस्क होत्या, पुढे त्या जागी बीडाच्या आल्या. म्हणून कल्पना फसली म्हणायचं का? बीडाची घनता घन सेंटिमीटरला 7.2 ग्रॅमच्या आसपास, याची जेमतेम 2.8. चाकावरचा एवढा भार उतरतो. पॅड मात्र त्याच डिस्कसाठी बनवलेले हवेत. जोडी म्हणता ना, मग ती जुळवायलाही हवी.

धागाकर्ता
थर टिकतो तोवर, हे तुम्हीच लिहिलंत. भार एका मर्यादेपलीकडे गेला की कण फुटतात, पृष्ठभागाखाली भेगा धरतात आणि कॉम्पोझिट साध्या मिश्रधातूइतकंच झिजतं, कधी जास्तही. ब्रेकमध्ये वर उष्णता. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, नरम त्याच्या कितीतरी आधी पडतं. पिनवर 20 न्यूटन भार ठेवून मिळालेल्या आकड्यावरून उतारावरच्या ब्रेकबद्दल बोलणं मला धोक्याचं वाटतं.

भोसरीचा फाउंड्रीवाला
तुम्ही दोघंही कण सगळीकडे सारखे पसरलेत असं धरून चाललाय. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम या कणांना सहजी भिजवतच नाही. कण आधी तापवायचे, थोडं मॅग्नेशियम घालायचं, ढवळत राहायचं. तरी कुठेतरी गुठळ्या होतात, ढवळताना हवा आत जाते. अशा गुठळीतला कण घट्ट धरलेला नसतो. तो सुटला की दोन पृष्ठभागांमध्ये वाळूसारखा फिरतो आणि दोघांनाही खातो. रस, म्हणजे वितळलेला धातू, फार तापवला आणि मिश्रधातूत सिलिकॉन कमी असलं, तर कणांच्या कडेला अ‍ॅल्युमिनियम कार्बाइड तयार होतं. ते ठिसूळ, वर पाण्याने बिघडतं. मशिनिंगला साधं कार्बाइड टूल लावून बघा, धार किती वेळ राहते! पीसीडी, म्हणजे कृत्रिम हिऱ्याच्या टूलचा खर्च धरला की गिऱ्हाईक बीडाकडे वळतं. मला त्याचं वाईट वाटतं, कारण माल चांगला ओतला तर तो खरोखर चालतो.

ट्रायबॉलॉजीची (घर्षण आणि झीज यांच्या शास्त्राची) विद्यार्थिनी
सर, एक भर घालते. मातीत, खडीत घासणाऱ्या भागात हिशोब निराळा. समोरचा खडा आपल्या कणापेक्षा मोठा असेल, तर तो कण अख्खाच उपटून काढतो. तिथे बारीक कणांचा फारसा उपयोग नाही. त्यामुळे 'झीज कमी झाली' या वाक्यात कशावर, किती भाराने हे यायलाच हवं.

ब्रेकचं काम करणारा
ताई, हे पटलं. भाराची मर्यादाही मान्य करतो. लोखंडी थराबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही.

भोसरीचा फाउंड्रीवाला
मग हे तपासून बघायला पिना मी ओतून देतो. कण रसापेक्षा जड, ते खाली बसतात. म्हणून तळाच्या आणि वरच्या पिनांवर वेगळ्या खुणा करेन. त्या एकत्र मिसळू नका, आणि डिस्क आठवणीने तोला.