अंबाडीच्या भाजीला चिकाचं पाणी लावलं, पण संध्याकाळी भाजी पातळ होते

वणीची सून:
उन्हाळ्यात कुरोड्या करून गव्हाचा चीक उरला होता, तो ताटात कडक वाळवून डब्यात ठेवला. आता वेचणीच्या बायांसाठी अंबाडीची भाजी करते तेव्हा तोच पाण्यात कालवून लावते, कारण घरी बेसन कोणाला सोसत नाही. सकाळी भाजी छान दाट असते, पण संध्याकाळी पुन्हा उकळली की पाणी वेगळं आणि पाला वेगळा. चीक खराब झाला का?

वरूडची काकू:
चीक चांगला आहे बाई, आंबटपणा नडतोय. आंबटात चीक जितका उकळेल तितका त्याचा दाटपणा तुटत जातो. अंबाडी आधी उकडून तिचं पाणी काढून टाक, फोडणी दे, सगळं शिजू दे. चीक अगदी शेवटी. लिटरभर भाजीला 2 मोठे चमचे, अर्धी वाटी थंड पाण्यात कालवून. गरम पाण्यात कालवला तर गुठळ्याच होतात. ओतायच्या आधी पुन्हा ढवळ, कारण चीक लगेच तळाशी बसतो. पांढरेपणा जाऊन काचेसारखी चकाकी आली की 2 मिनिटं खदखदू दे, म्हणजे कच्चट वास जातो. मग उतरव. संध्याकाळची भाजी चीक न लावताच बाजूला ठेव, तिला ताजा लाव.
आणखी एक, चाखलेला चमचा परत भांड्यात घालू नको. लाळेनं पिठूळपणा विरघळतो. माझ्या सासूबाई उष्टा चमचा भांड्यात जाऊच देत नसत, आणि ते बरोबरच होतं.

धानपट्टा, गोंदिया:
आमच्याकडे भाताची पेज वापरतात. कुकरच्या भाताला पेज निघत नाही. गंजात भरपूर पाण्यात भात शिजवून वेळायचा आणि भाजीत पाण्याच्या जागी ती पेज घालायची. ती शिजलेलीच असते म्हणून गुठळीची भीती नाही, पण चिकाइतकी दाट होत नाही. त्याच दिवशी संपवा, लवकर आंबते.

वणीची सून:
काकू, आज तसंच केलं. बायांची भाजी वेगळी काढली, घरच्यासाठी रात्री आठला चीक लावला. भाकरीवर घेतली तर ओघळली नाही. सासूबाईंनी दुसऱ्यांदा मागितली.