मदत हवी आहे: दोन फ्लॅट दिसले की बी फ्लॅट मेजर की जी मायनर?

मंडळी, हार्मोनियमवर हात बसलेला आहे, पण पाश्चात्त्य नोटेशन नवीन. हौशी वाद्यवृंदात सध्या कीबोर्ड सांभाळतोय. तिथे आलेल्या एका रचनेवर सुरुवातीलाच बी आणि ई हे दोन फ्लॅट (सूर अर्ध्या स्वराने उतरवणाऱ्या खुणा) आहेत. म्हणजे बी फ्लॅट मेजर, आपली काळी पाच (पाचवी काळी पट्टी). सा काळी पाच, रे-ग पांढरी एक-दोन, म काळी दोन, मग पांढरी चार, पाच, सहा. सरळ बिलावल, सगळे सूर शुद्ध. इथवर ठीक.

दुसऱ्या भागात मात्र चाल सारखी पांढरी पाचवर येऊन थांबते, मधेच काळी तीन लागते आणि सगळा रंगच उतरतो. फ्लॅट तेच दोन. सा हलला, तर कागदावर तसं दिसायला नको का? वर आमच्या क्लॅरिनेटवाल्याच्या कागदावर एकही फ्लॅट नाही, तरी तो आमच्यासोबत सुरात वाजतो! कुणी उलगडून सांगेल का?

प्रतिसाद १
सुरुवातीचे फ्लॅट फक्त सूर कोणते ते सांगतात, सा कुठे ते सांगत नाहीत. काळी पाचच्या बिलावलचा धैवत म्हणजे पांढरी पाच. त्याला सा माना, मूर्च्छना करतो तशी. ग, ध, नी कोमल होऊन आसावरी थाटाचे सूर मिळतात. तोच जी मायनर, बी फ्लॅट मेजरचा रिलेटिव्ह मायनर, म्हणजे सूर तेच पण सा वेगळा. काळी तीन, म्हणजे एफ शार्प, हा या नव्या सा चा शुद्ध नी. तो आला की सूर किरवाणी रागाचे होतात. डाव्या हाताला डी मेजर कॉर्डवरून (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले सूर) जी मायनरवर उतरत असाल तर शंकाच नको. एफ सेव्हनवरून बी फ्लॅटवर आलात तर मेजर.

बी फ्लॅट मायनर हे वेगळं प्रकरण. तिथे सा काळी पाचच राहतो, पण फ्लॅट पाच होतात.

मोझार्टची ४० क्रमांकाची सिंफनी (१७८८) ऐकाच. पहिल्या भागात जी मायनरमध्ये सुरुवात, दुसरी धून बी फ्लॅट मेजरमध्ये. शेवटाकडे तीच धून जी मायनरमध्ये परतते. एकच धून दोन्ही घरांत ऐकल्यावर जे कळतं, ते असल्या प्रतिसादांतून कळायचं नाही.

प्रतिसाद २
क्लॅरिनेटबद्दल: नेहमीचा क्लॅरिनेट बी फ्लॅटचा असतो. कागदावरचा सी वाजवला की आपल्याला बी फ्लॅट ऐकू येतो. म्हणून तुमचं बी फ्लॅट मेजर त्याला सी मेजर दिसतं. दुसऱ्या भागात त्याच्याकडे ए मायनर आणि तुमच्या एफ शार्पच्या जागी जी शार्प असणार, बघा. तालमीत सुरांची नावं घेताना ‘कॉन्सर्ट बी फ्लॅट’ (म्हणजे प्रत्यक्ष ऐकू येणारा) असं म्हणा, नाहीतर भांडणं होतात.

धागाकर्ता
जी शार्पच आहे, आत्ताच विचारलं! आता तिसरा भाग: ए फ्लॅट वाढलाय, मुक्काम काळी दोनवर. ई फ्लॅट मेजर ना?

प्रतिसाद १
हो. काळी पाचवरून पाहिलं तर फक्त नी कोमल झाला, म्हणजे खमाज. उलट ई चा फ्लॅट काढलात तर मध्यम तीव्र, म्हणजे कल्याण. ते सूर एफ मेजरचे. हे दोघे बी फ्लॅट मेजरचे सख्खे शेजारी, एकेका सुराचा फरक. डाव्या हाताला ए फ्लॅट कॉर्ड आहे का तेवढं बघा.