मन थाऱ्यावर नसताना गाडी चालवणं: तुमचे अनुभव लिहा

दारू प्यायलेल्याच्या हातून आपण चावी काढून घेतो. वडील गेल्याचं नुकतंच कळलेल्या माणसाला मात्र 'सावकाश जा रे' म्हणत स्वतःच निरोप देतो. व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी अमेरिकेत ३,५०० हून जास्त चालकांच्या गाड्यांत कॅमेरे बसवले होते. त्यांचा २०१६ चा निष्कर्ष असा: चालक रडत, रागात किंवा बेचैन असेल, तर अपघाताचा धोका जवळपास दहापट होतो. मृत्यू, आजारपण, कोर्टकचेरी, गेलेली नोकरी... अशा दिवसांत गाडीचं काय केलंत? सविस्तर लिहा.

पुणेकर
आई गेल्याचा फोन रात्री उशिरा आला. कोल्हापूरला सगळे माझ्यासाठी थांबलेले. चावी घेऊन खाली आलो, तर तळमजल्यावरचे काका पार्किंगमध्ये उभे. त्यांनी हात पुढे केला. "चावी दे. तू शेजारी बस." कराडला चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, "काका, खंबाटकी यायचाय ना अजून?" घाट केव्हाच मागे पडला होता, सातारासुद्धा. माझे डोळे टक्क उघडे होते, नजर समोरच्या काचेवर होती, आणि त्यातलं काहीही मला दिसलं नव्हतं. शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. काकांचे उपकार या जन्मी फिटणार नाहीत.

एसटीवाल्याची लेक
धाकट्या काकांचं ऑपरेशन होतं तेव्हा बाबांना रजा मिळाली नाही. त्यांनी डेपोत सरळ सांगितलं, "आज घाटाची ड्युटी मला नको." दुसऱ्या चालकाने आपली जवळची फेरी त्यांना दिली आणि घाट स्वतः घेतला. असं मोकळेपणाने सांगता येणं प्रत्येक डेपोत, प्रत्येक कंपनीत हवं.

वॉर्डातली सिस्टर
नातेवाइकांना फोन लावला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: "गाडी चालवताय का? आधी बाजूला घ्या." मग विचारते, सोबत कोण आहे. बातमी त्यानंतर.

अनामिका
घटस्फोटाच्या तारखेला मी रिक्षानेच जाते. एरवी स्कूटी. तेवढे पैसे त्या दिवशी खुशाल जाऊ देत.

रुग्णवाहिका चालक
कळकळीची विनंती आहे. आमच्या मागे आपली गाडी पळवू नका. सायरन ऐकून लोक आम्हाला वाट देतात. आम्ही चौकातून गेलो की आडवी वाहतूक लगेच सुटते, आणि मागून पेशंटचा मुलगा लाल सिग्नल तोडून येत असतो. आरशात ते पाहून आमचाच जीव वरखाली होतो. एकाने पेशंटसोबत आत बसावं, बाकीच्यांनी हॉस्पिटलचं नाव नीट विचारून मागाहून टॅक्सीने यावं.

पुणेकर
@रुग्णवाहिका चालक, हे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकतोय. अजून एक: तेराव्यानंतर कामावर जायला लागलो तरी रात्रीची झोप नव्हतीच. तो महिनाभर ऑफिसला लोकलनेच गेलो. त्या काळाबद्दलही कुणीतरी लिहा.