रिलेचं अंतर आणि नकाशा
काही जण म्हणतात की वीजलाइनवर फॉल्ट (बिघाड) झाला की रिले, म्हणजे लाइनचं संरक्षण करणारं उपकरण, त्याचं अंतर सांगतोच, मग जीआयएस, म्हणजे लाइनींचा संगणकावरचा नकाशा, कशाला. अहो पण ते अंतर रिले इम्पिडन्सवरून (लाइनचा करंटला होणारा एकूण अडथळा, ओहममध्ये) काढतो आणि डिस्ट्रिब्युशन फीडरला (ग्राहकांपर्यंत वीज वाटणाऱ्या लाइनला) फांद्या इतक्या असतात की तेवढ्याच इम्पिडन्सवर चार-पाच वेगवेगळे पॉइंट निघतात, शिवाय मध्येच कंडक्टरचा (तारेचा) साइज बदलला की ओहमचं किलोमीटर करतानाच गणित चुकतं. नकाशात प्रत्येक सेक्शनची लांबी नि कंडक्टर नोंदवलेला असेल तर हे सगळे पॉइंट समोर दिसतात, मग कुठला फॉल्ट इंडिकेटर (फॉल्टचा करंट गेला की पेटणारा लाइनवरचा दिवा) पेटला, कुठला नाही यावरून फांदी कळते. झाड टेकलं असेल तर फॉल्टचाच रेझिस्टन्स मोठा, तिथे रिअॅक्टन्सवर (इम्पिडन्समधला रेझिस्टन्स सोडून उरलेला भाग) भरवसा ठेवायचा, तोही बेताने.

अंडरग्राउंड केबलचं वेगळंच. टीडीआर (केबलमध्ये पल्स सोडून तिच्या परतीच्या वेळेवरून फॉल्ट शोधणारं यंत्र) केबलच्या लांबीवर अंतर देतो आणि जॉइंटपाशी सोडलेले जादा केबलचे लूप बहुतेक वेळा नकाशावर नसतात, म्हणून शेवटी थंपर (केबलमध्ये हाय व्होल्टेजचे झटके देऊन फॉल्टपाशी आवाज काढणारं यंत्र) लावून आवाज ऐकत फिरावंच लागतं.

आणि हो, लोड दुसऱ्या फीडरवर टाकला नि स्विचची स्थिती सिस्टीममध्ये बदललीच नाही, तर नकाशा कितीही देखणा असू दे, दुरुस्तीची गँग भलत्याच लाइनवर जाणार.