रेड-१ मध्ये मिसमॅच काउंट १२८, रिपेअर चालवू का?

प्रश्न
डेबियन लिनक्सवर ४ टीबीच्या दोन डिस्क मिरर केल्यात (दोन्हींवर एकच मजकूर), लिनक्सचं एमडी रेड-१, वर एक्स्ट४ फाइल सिस्टिम. त्यात बाबांच्या कीर्तनांच्या ८६ कॅसेट फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारं फाइल स्वरूप) उतरवून ठेवल्यात. बाबा आता नाहीत, आणि निम्म्या कॅसेटींना बुरशी लागलीय, पुन्हा उतरवता येणार नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होणाऱ्या तपासणीनंतर मिसमॅच काउंट, म्हणजे दोन डिस्कवर न जुळणाऱ्या सेक्टरांचा (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचा) आकडा, १२८ दिसतोय. लॉगमध्ये एकही रीड एरर नाही. रिपेअर दिलं की शून्य होतं म्हणतात. देऊ का?

उत्तर १
कृपा करून देऊ नका! दोन प्रतींपैकी खरी कोणती हे एमडीला कळत नाही, त्याच्याकडे चेकसम (मजकूर बिघडलाय का हे पडताळायचा आकडा) नसतो. रिपेअर एका डिस्कवरचा मजकूर दुसरीवर उतरवतो, एवढंच. १२८ सेक्टर म्हणजे ६४ केबीचा एकच तुकडा. त्यात फरक एका बाइटचाही असू शकतो. स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) याच डिस्कजोडीच्या अ‍ॅरेवर असेल तर असा आकडा निरुपद्रवीही असतो.

प्रश्नकर्ती
स्वॅप वेगळ्या एसएसडीवर आहे.

उत्तर १
मग शोधायला हवं. तुमचं नशीब की फाइली फ्लॅक आहेत: प्रत्येक फ्रेमला (आवाजाच्या छोट्या तुकड्याला) सीआरसी आणि हेडरमध्ये मूळ आवाजाचा एमडी५ असतो, दोन्ही चेकसमच. अ‍ॅरे थांबवा, एकेक डिस्क एकटीच रीड-ओन्ली जोडा, माउंट करताना 'नोलोड' द्या म्हणजे जर्नलमधले (बदलांच्या नोंदवहीतले) उरलेले बदल डिस्कवर लिहिले जाणार नाहीत. मग दोन्हीकडे सगळ्या फाइलींवर 'फ्लॅक -टी' ही फाइल तपासणारी आज्ञा चालवा.

प्रश्नकर्ती
रात्रभर चालवलं. पहिल्या डिस्कवर एक फाइल नापास: कॅसेट ४१, बाजू ब. ऐकलं तर उत्तररंगात बाबा अभंगाचं धृपद उचलतात तिथेच 'खट्ट' होऊन क्षणभर शांतता. दुसऱ्या डिस्कवर तोच आवाज अखंड आहे. मी ऐकत बसले बराच वेळ.

उत्तर २
आधी ती चांगली फाइल तिसऱ्या ठिकाणी कॉपी करा. मग अ‍ॅरे जोडून जुनी फाइल काढा, ही चांगली टाका, ती दोन्ही डिस्कवर जाईल. जुने ब्लॉक मोकळे झाले तरी मिसमॅच दिसत राहील. पण तिथे आता कोणतीच फाइल नाही, म्हणून रिपेअर बिनधास्त चालवा, मग पुन्हा चेक.
पुढे डीएम-इंटिग्रिटी (डिस्कवरच्या मजकुराचे चेकसम ठेवणारा लिनक्सचा थर) प्रत्येक डिस्कवर, रेडच्या खाली घाला किंवा झेडएफएस (स्वतःच चेकसम ठेवणारी फाइल सिस्टिम) घ्या. चेकसम चुकला की वाईट प्रत ओळखून चांगलीवरून भरली जाते. डीएम-इंटिग्रिटीसाठी डिस्क पुसावी लागते आणि लिहिणं मंदावतं, पण या फाइलींसाठी ते परवडेल. आणि मेमटेस्ट (रॅमची चाचणी) रात्रभर लावाच.

प्रश्नकर्ती
चेक शून्य आला. ४१-ब आता भावाच्या घरच्या डिस्कवरही आहे.